लहान पेटी, थोर नाद : गिटारीच्या घडणीचा इतिहास

‘मूर्ति लहान पण कीर्ति महान’ ही म्हण आपण माणसांस लावतों. पण वाद्यांच्या बाबतींतहि ती तितकीच खरी ठरते. पोवाड्याच्या बैठकींतील तुणतुणें पाहावें. हातांत मावेल एवढें पोकळ लांकूड, त्यास कातडें आणि वर एकच तार. तरी डफाच्या थापेंतून त्याचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूं येतो. गिटार या पाश्चात्त्य वाद्याची कथा अशीच आहे, आणि ती वाचकांस मनोरंजक व उपयुक्तहि वाटेल अशी आमची खात्री आहे.

आज पुष्कळ धर्मग्रामांच्या गायनवृंदांत गिटार आली आहे. ती विकत घेतांना बहुतेकांचा समज असा असतो, कीं जेवढी पेटी मोठी तेवढा आवाज मोठा. आणि मोठ्या पेटीनें भागलें नाहीं, तर ध्वनिक्षेपक आहेच. हा समज कितपत खरा आहे? ज्या कारागिरांनीं या वाद्यास मोठा आवाज दिला, त्यांनीं तो पेटी वाढवून दिला, कीं दुसऱ्या कांहीं मार्गानें? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत मिळतें, आणि तें थोडक्यांत मांडण्याचा आम्ही येथें यत्न करीत आहों.

नाद कोठून निघतो?

नुसती ताणलेली तार छेडली, तर तिचा आवाज चार हातांवर सुद्धां नीट पोहोंचत नाहीं. तार बारीक असते. ती हवेस कापून जाते, हवेस ढकलीत नाहीं. तिचें कंपन घोडीवाटें पेटीच्या वरच्या फळीस मिळतें, आणि ती रुंद फळी हवेस हालविते. गिटारीचा आवाज हा बहुतांशीं या एका फळीचा आवाज होय. पेटींत कोंडलेली हवा फळीच्या भोंकावाटें आंतबाहेर करते आणि खर्जाच्या स्वरांस आधार देते. पूर्ण मापाच्या गिटारींत हा आधार सेकंदास सुमारें १०० कंपनांच्या आसपास सर्वांत बलवान असतो. पेटी लहान केली, कीं तो वर सरकतो. म्हणून लहान गिटारीचा खर्ज पातळ लागतो, ही गोष्ट नाकबूल करतां येत नाहीं.

परंतु खर्ज म्हणजे सारा आवाज नव्हे. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २००० ते ५००० कंपनांच्या टापूंत सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि लहान, हलकी फळी मधल्या व वरच्या स्वरांसच अधिक चपळपणें साथ देते. शिवाय कानाची एक नवलाची करामत आहे. खालच्या स्वराचा मूळ भाग क्षीण असला, तरी त्याचे उपस्वर स्पष्ट असले म्हणजे कान तो मूळ स्वर आपला आपणच जुळवून घेतो. त्यामुळें लहान वाद्याचा खर्ज मोजणीच्या यंत्रास जेवढा थोडा दिसतो, तेवढा तो श्रोत्यास थोडा वाटत नाहीं.

आणखी एक गोष्ट हिशेबाची आहे. आवाज कानास दुप्पट वाटावा यासाठीं नादाची शक्ति दुप्पट करून भागत नाहीं. ती जवळजवळ दसपट करावी लागते. पेटी इंच-दोन इंच रुंद केल्यानें दसपट शक्ति कोठून येणार? वादकाच्या बोटांनीं तारेंत घातलेलें बळ तर तेवढेंच राहतें. फळी जड असली, तर त्या बळाचा मोठा भाग लांकडांतच जिरतो. ती हलकी असून ताठ असली, तर त्यांतला अधिक भाग हवेंत जातो. म्हणूनच या फळीसाठीं बहुधा स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी झाडाचें लांकूड घेतात; वजनाच्या मानानें त्याचा ताठपणा फार मोठा. फळीची जाडी दोन-अडीच मिलिमीटर एवढीच ठेवतात, आणि तिला आंतून बारीक पट्ट्या चिकटवून बळकटी देतात.

कारागिराची सारी कसोटी येथें लागते. लांकूड थोडें अधिक राहिलें, तर वाद्य मुकें होतें; थोडें अधिक निघालें, तर तारांच्या ओढीनें फळी खचते. थोर आवाजाची गिटार ही नेहमीं खचण्याच्या उंबरठ्यावर उभी असते, असें म्हटलें तरी चालेल. पुढील सर्व इतिहास या एका वाक्याचा विस्तार आहे.

जुन्या काळची अरुंद गिटार

सतराव्या शतकांतील गिटार आजच्यापेक्षां पुष्कळ अरुंद होती. तिला तांतीच्या पांच जोड्या असत आणि तिचें लांकूड अत्यंत पातळ असे. सालामांका विद्यापीठांत ईश्वरविज्ञान शिकलेले गास्पार सांझ यांनीं या वाद्याविषयींचा आपला प्रसिद्ध ग्रंथ १६७४ सालीं स्पेनमधील सारागोसा येथें प्रसिद्ध केला. त्यांत सर्व तारा एकदम झणत्कारून वाजविण्याची आणि एकेक तार निराळी छेडण्याची अशा दोन्ही रीती शिकविल्या आहेत. पहिल्या रीतीनें वाजविलेली ही चिमुकली गिटार नाचाच्या मेळाव्यास पुरून उरे. व्हायोलिनसाठीं जगप्रसिद्ध झालेला क्रेमोना येथील अंतोनियो स्त्रादिवारी यानेंहि अशा गिटारी घडविल्या. त्यांपैकीं कांहीं आजहि संग्रहांत जपून ठेवलेल्या आहेत.

१८०० च्या सुमारास जोड्यांच्या जागीं सहा एकेरी तारा आल्या, आणि व्हिएन्ना हें या वाद्याचें मोठें केंद्र बनलें. इटलींतून १८०६ सालीं तेथें गेलेला माउरो ज्युलियानी यानें १८०८ सालीं गिटार आणि वाद्यवृंद यांचा मेळ असलेली आपली रचना सभेपुढें वाजवून दाखविली. त्या काळच्या गिटारीची पेटी रुंदींत सुमारें ३० सेंटिमीटर भरे. आजची नेहमीची गिटार ३६-३७ सेंटिमीटर भरते. पुढें त्यानें याच प्रकारची आणखी एक रचना केली, ती तर ‘तेर्त्स’ नांवाच्या त्याहूनहि लहान गिटारीसाठीं! या गिटारीच्या तारा आंखूड असून ती नेहमीच्या गिटारीहून तीन अर्धस्वर उंच मिळवितात. सारंग्यांच्या मोठ्या घोळक्यासारख्या वाद्यवृंदापुढें एकटी गिटार ठेवावयाची, तर ती अधिक लहान व अधिक उंच स्वराची निवडावी, ही ज्युलियानीची निवड विचार करण्याजोगी आहे. त्यास बळ नको होतें. इतर वाद्यांनीं मोकळी सोडलेली जागा हवी होती. गिटार बोलूं लागली, कीं वाद्यवृंदास मंद करावयाचें, ही खबरदारीहि तो घेई.

याच घडणीच्या एका गिटारीस ख्रिस्ती जगांत अढळ स्थान मिळालें आहे. साल्झबुर्गजवळील ओबेर्नडोर्फ गांवीं संत निकोलस यांच्या ख्रिस्तमंदिरांत योसेफ मोर हे साहाय्यक धर्मगुरु होते. त्यांनीं १८१६ सालीं रचलेल्या नाताळच्या गीतास फ्रांझ झावर ग्रूबर या शाळामास्तरांनीं २४ डिसेंबर १८१८ रोजीं चाल लाविली, ती दोन आवाज, गायनवृंद आणि गिटारीची साथ यांसाठीं. त्याच पवित्र रात्रीं मोर यांनीं गिटार वाजवीत वरचा आवाज गाइला व ग्रूबर यांनीं खालचा. तेंच हें ‘शांत रात्र’ या नांवानें शेंकडों भाषांत गेलेलें गीत. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा पुष्कळांनीं ऐकलेली असेल. पण ग्रूबर यांनीं १८५४ सालीं स्वतः लिहून ठेविलेल्या हकीकतींत तिचा मागमूस नाहीं. मोर यांची तीं लहानखुरी गिटार आज हालाइन येथें ग्रूबर यांच्या जुन्या घरांतील संग्रहालयांत ठेवलेली आहे. दोन मनुष्यांचे कंठ, एक लहानसा गायनवृंद आणि एक लहान गिटार यांनीं तें मंदिर भरलें. मोठ्या पेटीवांचून कांहीं अडलें नाहीं.

पुठ्ठ्याची गिटार

ज्याच्या नमुन्यावर आजच्या तांतीच्या गिटारी उभ्या आहेत, तो अंतोनियो दे तोर्रेस १८१७ सालीं स्पेनच्या आल्मेरिया प्रांतांत जन्मला. तो मूळचा सुतार. सेव्हिल शहरीं गिटारी करूं लागल्यावर त्यानें पेटी पूर्वीपेक्षां कांहींशी रुंद केली, हें खरें आहे. पण त्याचें खरें लक्ष वरच्या फळीवर होतें. ती त्यानें कडांकडे पातळ करीत नेली, तिला किंचित् घुमटाकार दिला आणि आंतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या लाविल्या. त्यामुळें फार थोड्या लांकडांत तिला पुरेसा ताठपणा आला. १८५८ सालीं सेव्हिलच्या प्रदर्शनांत त्याच्या कामास पदक मिळालें. फ्रान्सिस्को तार्रेगा या थोर वादकानें ज्या गिटारीवर लौकिक मिळविला, ती तोर्रेसनें १८६४ सालीं केलेली.

आवाज फळीचा, इतर पेटीचा नव्हे, हें लोकांस पटवून देण्यासाठीं तोर्रेसनें १८६२ सालीं एक विलक्षण गिटार केली. तिची वरची फळी नेहमींप्रमाणें उत्तम लांकडाची. पण पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या! ही गिटार आज बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे. महागड्या रोझवुडच्या पाठीवर पैसा घालणाऱ्या गिऱ्हाइकांस याहून स्पष्ट उत्तर देतां आलें नसतें. पाठ व कडा यांचा स्वरावर कांहींच परिणाम होत नाहीं, असा याचा अर्थ नव्हे; परंतु यजमान कोण आणि पाहुणा कोण, हें त्या पुठ्ठ्यानें कायमचें ठरविलें.

तोर्रेसच्या म्हातारपणीं हुआन मार्तिनेझ सिर्व्हेंत नांवाच्या एका धर्मगुरूंचा त्याच्याशीं स्नेह जडला होता. ते त्याच्या कारखान्यांत जात व कामास हातभारहि लावीत. त्यांनीं पुढें १९३१ सालीं लिहिलेल्या पत्रांत एक आठवण दिली आहे. कोणीसें तोर्रेसला त्याच्या विद्येचें रहस्य विचारलें व तें आपल्याबरोबर नेऊं नये अशी विनवणी केली. तेव्हां त्यानें आपलीं बोटें पुढें केलीं आणि सांगितलें, कीं रहस्य या बोटांच्या टोंकांत आहे. फळी जशी पाहिजे तशी झाली, हें तींच मनास कळवितात. म्हणून तें मागें ठेवणें शक्य नाहीं. ही आठवण वाचून तोर्रेस कांहींतरी लपवीत होता असें कोणास वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रत्येक झाडाचें, किंबहुना प्रत्येक फळीचें लांकूड निराळें असतें. एकाच जाडीच्या दोन फळ्यांपैकीं एक ताठ निघते, दुसरी लवचिक. रंधा कोठें थांबवावा हें माप सांगूं शकत नाहीं, बोट सांगतें. तोर्रेस १८९२ सालीं वारला, आणि त्याचीं मापें आज छापून मिळत असतांहि प्रत्येक कारागिरास तोच धडा पुन्हां पहिल्यापासून गिरवावा लागतो.

अमेरिकेंतील नाझरेथ

याच काळांत अमेरिकेंत दुसरा एक मार्ग निघाला. क्रिस्तियान फ्रीड्रिख मार्टिन हा सॅक्सनींतील मार्कनॉयकिर्शेन गांवचा. तेथील व्हायोलिन करणाऱ्या कारागिरांच्या संघाचें म्हणणें, कीं गिटार करण्याचा हक्क आमचा. मार्टिनचें घराणें कपाटें-पेट्या करणाऱ्या सुतारांच्या संघांतलें. या भांडणास कंटाळून तो १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेला, आणि १८३९ त पेनसिल्व्हेनियांतील नाझरेथ या मोराव्हियन पंथीयांनीं वसविलेल्या गांवीं स्थायिक झाला. त्याच्या वंशजांचा कारखाना त्याच गांवीं वाढला. १८४० च्या दशकांत त्याच्या गिटारींत फुलीच्या आकाराच्या पट्ट्या दिसूं लागल्या. तांतीच्या काळांत जन्मलेली ही रचना पुढें पोलादी तारांची ओढ सोसण्यास फार उपयोगी पडली.

मार्टिनच्या मापांचा अनुक्रमच आमच्या विषयाचा उत्तम पुरावा आहे. त्यांत आंकडा जितका मोठा तितकी गिटार लहान. पांच नंबरची गिटार रुंदींत अवघी ११¼ इंच. एक नंबरची १२¾ इंच, आणि ती त्या काळीं मोठी समजली जाई. पुढें गिऱ्हाइकांची मागणी वाढली तसा आंकडा संपला व शून्यें आलीं : एक शून्य म्हणजे १३½ इंच, दोन शून्यें १४⅛ इंच, आणि १९०२ सालीं तीन शून्यें, म्हणजे १५ इंच. १९१६ सालीं बोस्टनच्या एका व्यापाऱ्यासाठीं १५⅝ इंचांची प्रचंड गिटार झाली. तिला ब्रिटिश आरमारांतील त्या वेळच्या विख्यात युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ हें नांव पडलें, आणि १९३१ पासून ती मार्टिनच्या स्वतःच्या नांवानें विकली जाऊं लागली.

तर मग मोठ्या पेटीचा विजय झाला, असें वाचक म्हणतील. तो झाला, पण त्याची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पोलादी तारांची एकूण ओढ सुमारें ७० ते ८० किलो भरते. तांतीसारख्या तारांची जवळजवळ तिच्या निम्मी. जाड तारा लावण्याची चाल पडली, तशा फळ्या बसूं लागल्या व दुरुस्तीसाठीं परत येऊं लागल्या. म्हणून १९३८-३९ च्या सुमारास पट्ट्यांची फुली भोंकापासून मागें सरकविण्यांत आली, आणि १९४४ च्या अखेरीस त्या पट्ट्या खोलगट तासून हलक्या करण्याची जुनी रीत सोडून देण्यांत आली. गिटार टिकाऊ झाली, पण तिचें अंग जड झालें. म्हणूनच १९४४ पूर्वींच्या हलक्या गिटारींस आज जाणते लोक मोठ्या किंमती देतात, आणि हलक्या हातानें घडलेली शून्य नंबरची लहान गिटार पुष्कळदां जड मोठ्या गिटारीच्या तोडीस तोड बोलते. पेटी वाढली, तिच्याबरोबर लांकूडहि वाढलें. एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें.

मादेइरा, हवाई आणि धातूचे पडदे

लहान वाद्याच्या पराक्रमाची आणखी एक कथा समुद्रावरून आली. २३ ऑगस्ट १८७९ रोजीं ‘रॅव्हन्सक्रॅग’ नांवाचें जहाज पोर्तुगिजांच्या मादेइरा बेटांतील मजूर कुटुंबें घेऊन हवाई बेटांतील होनोलुलू बंदरास लागलें. त्यांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास व जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लांकूडकाम करणारे होते. त्यांच्या देशीं ‘माशेत’ नांवाची चार तारांची, हातभर लांबीची गिटार प्रचारांत होती. मुदतीचें शेतकाम संपल्यावर त्यांनीं तेथल्या कोआ लांकडाची तशीच वाद्यें घडविलीं. तींच पुढें ‘उकुलेले’ म्हणून जगभर गेलीं. राजा कालाकाउआ यानें या वाद्यास दरबारांत मान दिला, त्यामुळें परक्या मजुरांचें वाद्य हवाईचें राष्ट्रीय वाद्य बनलें.

हवाईच्याच जोसेफ केकुकु यानें गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादाच्या तुकड्यानें तारांवर स्वर घसरवीत वाजविण्याची रीत रूढ केली. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या प्रदर्शनानंतर या वादनाचें अमेरिकेंत वेडच लागलें. परंतु मोठ्या नाचघरांत व शिंगांच्या गर्दींत लांकडी गिटार बुडून जाई. यावर उपाय काढला तो पेटी मोठी करून नव्हे. स्लोव्हाक देशांत जन्मलेला जॉन डोपेरा आणि वादक जॉर्ज बोशां यांनीं १९२७ सालीं लॉस एंजेलिस येथें धातूची गिटार बाजारांत आणली. तिच्या पोटांत सहा इंच व्यासाचे तीन ॲल्युमिनियमचे पातळ शंकु बसविले होते. घोडीचें कंपन फळीस न देतां थेट या शंकूंस मिळे. शंकूचा आकार मूळचाच ताठ, आणि धातूचा पत्रा कागदाप्रमाणें पातळ. म्हणजे हलकेपणा व ताठपणा यांचा तोर्रेसनें लांकडांत साधलेला मेळ येथें धातूंत साधला. पेटी नेहमीच्या मापाची, पण आवाज नाचघर भरणारा. १९२८ सालीं डोपेरा बंधूंनीं ‘दोब्रो’ नांवाची निराळी गिटार काढली. त्यांच्या नांवाचें हें संक्षिप्त रूप, आणि स्लोव्हाक भाषेंत त्याचा अर्थ ‘चांगलें’.

हीं वाद्यें आपल्या देशांतहि आलीं. ताउ मो आणि त्यांचें कुटुंब धातूच्या गिटारी घेऊन जगभर फिरलें, व १९४० च्या दशकांत कांहीं वर्षें कलकत्त्यास राहिलें. हवाई पद्धतीच्या गिटारीची गोडी हिंदुस्थानांत वाढण्यास अशा वादकांचा मोठा हातभार लागला. मींड हा आपल्या संगीताचा प्राण. घसरत्या स्वराचें हें वाद्य आपल्या लोकांस लवकर आवडलें यांत नवल नाहीं. पुढें ब्रिजभूषण काब्रा यांनीं त्यावर रागसंगीत वाजवून त्यास अभिजात वाद्यांच्या पंक्तीस बसविलें. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. त्यांपैकीं अनेकांनीं स्वरलेखनाचा व व्हायोलिनचा पहिला धडा गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत घेतला होता, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आवाजाची ही शर्यत शेवटीं वीजेनें संपविली. बोशां यानेंच १९३१ च्या सुमारास विजेच्या गिटारीचा पहिला यशस्वी नमुना सिद्ध केला. तिची पेटी तव्याएवढी वाटोळी, आंत पोकळी मुळींच नाहीं. लोक तिला थट्टेनें तवाच म्हणत. सर्वांत मोठा आवाज देणाऱ्या गिटारीस पेटीच उरली नाहीं!

मंदिरांतील गिटार

ख्रिस्तमंदिरांत गिटारीचा प्रवेश सरळ झाला नाहीं. २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संत सेसिलिया यांच्या सणाच्या दिवशीं, परमगुरु दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यांत ऑर्गनला प्राधान्य देऊन पियानो व गलबल्याचीं वाद्यें वर्ज्य केलीं होतीं. त्यानंतर ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें. त्यांत ऑर्गनचा मान कायम ठेवून, स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीनें, पवित्र कार्यास योग्य अशीं इतर वाद्येंहि चालतील असें ठरलें. तेव्हांपासून गिटार जगभरच्या मंदिरांत दिसूं लागली.

मंदिरांत आलेल्या या वाद्याचें काम गाणाऱ्यांस स्वर दाखविण्याचें आहे, त्यांचा स्वर झांकण्याचें नव्हे. दगडी भिंती व उंच छत असलेल्या जागेंत खर्ज घुमत राहतो आणि शब्द गढूळ होतात. अशा ठिकाणीं लहान गिटारीचा मोजका खर्ज हा दोष नसून गुणच ठरतो. ध्वनिक्षेपक लाविला, तर मोठ्या पेटींतली हवा आपल्या खर्जाच्या स्वरावर डोलूं लागते आणि यंत्रांतून हुंकार उठतो. लहान पेटी या बाबतींत कमी त्रास देते. ध्वनिमुद्रण करणारे अनुभवी लोक याच कारणानें लहान गिटार पसंत करतात. उलट हजारों लोकांच्या उघड्या मैदानांतील सभेंत एकट्या लहान गिटारीनें भागेल, असें कोणी समजूं नये. मुरलेला, भरदार खर्ज हवा असेल, तर मोठ्या पेटीस पर्याय नाहीं. शिवाय हलकी फळी तारेचें बळ झटकन् खर्च करीत असल्यामुळें तिचा स्वर थोड्या वेळांत विझतो. निसर्ग कोणतीहि देणगी फुकट देत नाहीं.

या इतिहासांतून एक कर्तव्यहि निघतें, आणि तें सांगण्यासाठींच हा लेख विशेषेंकरून लिहिला आहे. जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि ख्रिस्तमंदिरांच्या अडगळीच्या खोल्यांत कधीं कधीं लहान, काळवंडलेल्या गिटारी सांपडतात. ‘मुलांचें खेळणें’ म्हणून त्या टाकून दिल्या जातात. किंवा त्याहून वाईट, कोणी हौसेनें त्यांस पोलादी तारा चढवितो. तांतीच्या ओढीसाठीं घडलेल्या पातळ फळीवर अशी जवळजवळ दुप्पट ओढ पडली, कीं घोडी उखडते, फळी खचते, आणि कित्येक वर्षें टिकलेलें वाद्य थोड्या महिन्यांत निकामी होतें. अशी गिटार हातीं आली, तर प्रथम ती जाणत्या कारागिरास दाखवावी. तिच्यावर हलक्या नायलॉनच्या तारा चालतील कीं नाहीं, तें त्यासच ठरवूं द्यावें. आणि तिला पावसाळ्याच्या ओलीपासून व उन्हाच्या झळीपासून सारखेंच जपावें. नवीन घेणाऱ्यानेंहि दुकानांत माप पाहण्यापूर्वीं ती हातांत उचलून वजन पाहावें, एक स्वर हळूच छेडावा, आणि सोबत्यास खोलीच्या दुसऱ्या टोंकास उभें करून विचारावें, कीं तुला काय ऐकूं आलें? वाजविणाऱ्याच्या कानापाशीं मोठी वाटणारी गिटार पुष्कळदां तेथेंच थांबते.

सांझपासून डोपेरापर्यंत सर्वांची वाट एकच दिसते. त्यांनीं आवाज मिळविला तो मुख्यतः भर घालून नव्हे, तर जें नको तें काढून टाकून. आणि काढतां काढतां जेथें वाद्य मोडेल, त्याच्या अगदीं अलीकडे थांबून. लहान गिटारीचा थोर नाद ही त्या थांबण्याच्या विद्येची कमाई आहे. ती विद्या ज्यांच्या बोटांत होती ते गेले. त्यांचें काम कोठें कोठें अजून आपल्या माळ्यांवर पडून आहे. त्यास धूळ झटकून पुन्हां कंठ देणें हें आपल्या हातीं आहे.